घट बसेपर्यंत दम धर

सुभाष रोड, धारवाड
९ सप्टेंबर २०२५

ती. कमलआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू येतं, म्हणून हे पत्र. अप्पांनी मला हुबळीचं घर बंद केल्यापासून माझी विचारपूस करणारी तू एकटीच. झोप लागत नाही, आणि सकाळ झाली की हा दिवस कसा काढू असं होतं.

त्यासाठी दवाखान्यात जाते. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. मी मुलगी आहे हे त्यांना पटवावं लागलं नाही, फायलीवर त्यांनी सोनालीच लिहिलंय. पण खिडकीवरचा माणूस आधार कार्डावरचं जुनं नाव मोठ्यानं पुकारतो. बाकावरचे सगळे वळून बघतात, कुणी हसतं. मागच्या खेपेला मी तशीच उठून आले. गोळ्या संपल्यात.

बाई म्हणाल्या, घरचं कुणी येऊन 'ही आमची सोनाली' असं खिडकीवर सांगेल तर बरं. बारशाला माझ्या कानात नाव तूच सांगितलं होतंस ना? आत्याचाच तो मान. एकदा नवं सांग आणि माझ्यासोबत चल. मग कुणी काहीही पुकारो.

तुझा लोभ सोनालीवरही असू दे.
तुझी,
सोनाली


अळणावर
१३ सप्टेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. येणार म्हणजे येणारच! हे म्हणाले, तुझ्या अप्पांशी वाकडं येईल. म्हटलं, येऊ दे. आणि मला बघितल्यावर तो खिडकीवाला स्वतःचंच नाव विसरेल, बघ.

पण सध्या पितृपंधरवडा चाललाय. या दिवसांत कुणी नाव ठेवतं का? पहिलं तुला लाभलं नाही, आता या वेळी सगळं नीट करू. बावीसला घट बसतात. त्या दिवशी घुगऱ्या घेऊन येते, पाळणाही म्हणते. पाळण्यात तू मावणार नाहीस, एवढंच.

तोवर ते नाव मी उच्चारत नाही, म्हणून वर लिहिलं नाही. राग मानू नकोस. गोळ्या तेवढ्या आण, आणि घट बसेपर्यंत दम धर.

आत्याची माया आहे तशीच आहे.
तुझी,
कमलआत्या


धारवाड
सर्वपित्री अमावास्या, २१ सप्टेंबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. तुझी मुलगी वाचली आहे.

माझं पत्र मिळाल्यावर ती गोळ्यांसाठी एकटीच दवाखान्यात गेली. खिडकीवर पुन्हा तेच नाव पुकारलं, तेच हसू. ती रिकाम्या हातानं परतली. दुसऱ्या दिवशी खोलीचं दार उघडेना, तेव्हा घरमालकिणीनं ते फोडवलं. आता तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवलंय, कार्डावर तसं आहे म्हणून.

मी मग पंधरवडा बघितला नाही. आले आणि कानात 'सोनाली' म्हटलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे कूस वळवली. अण्णा, तिनं एक हाक मागितली होती आणि मी तिला पंचांग दाखवलं. हे मला जन्मभर पुरेल.

डॉक्टरबाई तिला बायकांच्या वॉर्डात हलवायला रोज भांडताहेत. मला म्हणाल्या, उत्तर येवो न येवो, नावानं हाक मारत राहा. मारतेय. अजून वळली नाही.

तू ये. नाव तोंडातून निघत नसेल तर नुसता बस, पण ते जुनं घेऊ नकोस.

उद्या घट बसतील. मुहूर्त चांगला आहे म्हणतात.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, तिच्यावर असू दे.
तुझी धाकटी,
कमल