इश्वरचे किरायदार

॥ श्री ॥
भंडारा, ४ नोव्हेंबर १९७९

सौ. जाऊबाई बेबीबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मालकांना लाखनीच्या राइस मिलमध्ये कायमचं काम लागलं आणि पुढच्या आठवड्यात करडीचं घर सोडून तुम्ही सगळे लाखनीला राहायला जाणार, हे वाचून आनंद झाला. आनंद झाला असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे पत्र वाचल्यापासून मला फक्त ते खेकड्यांचं चहाचं खोकं दिसतं आहे.

तुम्ही म्हणाल, निर्मलेला माणसांपेक्षा खेकड्यांची काळजी. असू दे. हे पारादीपच्या बंदरात कामाला होते तेव्हा शेवटच्या रजेत समुद्रावरून शंखातले खेकडे घेऊन आले. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करतात म्हणून हे त्यांना किरायदार म्हणत. रजा संपवून परत गेले आणि काविळीने तिकडेच वारले. आपल्याला तर शेवटचं तोंडही दिसलं नाही. सहातले चार किरायदार उरले. ह्यांच्या हातचं, श्वास घेणारं असं माझ्याकडे तेवढंच आहे. होस्टेलात जनावर ठेवू देत नाहीत, नाहीतर मी डी.एड.ला येताना कोणाच्या भरवशावर टाकून आलेच नसते.

तेव्हा नीट ऐका. खोकं सामानात टाकू नका, कोणीतरी मांडीवर घ्या. तळाची रेती ओलसर हवी, पण चिखल नको. वरून ओलं फडकं घाला, जाळीची भोकं बुजवू नका. उन्हात ठेवू नका आणि थंडीतही नको. रिकामे शंख सोबत घ्या. जुना लहान झाला की त्यांना नवा लागतो. पाणी दोन वाट्यांत, एकात खडेमीठ. लाखनीला नळ असेल तर नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग द्या, त्यात औषध असतं. आणि खेकडा रेतीत शिरला तर उकरू नका. हे म्हणत, तो कात टाकायला जातो, तेव्हा त्याचं अंग फार मऊ असतं, हात लागला की संपलं.

आणखी एक. लिहू की नको असं झालं, पण लिहितेच. सासूबाईंना थंडीत खोकला धरतो आणि मग धानाच्या बांधीतले खेकडे ठेचून त्यांचा रस्सा करतात. मागच्या वर्षी बांध कोरडे पडले तेव्हा त्या आपल्या खोक्याकडे पाहून म्हणाल्या होत्या, की औषध घरात असून आपण बाहेर शोधतो. थट्टाच असणार. पण म्हणताना त्या हसल्या नव्हत्या. तुम्ही लक्ष ठेवालच.

वाचून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. तुमचा माझ्यावर जीव आहे, तो खोक्यावरही थोडा असू द्या.

तुमची,
निर्मला


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
लाखनी, २५ नोव्हेंबर १९७९

गं. भा. निर्मलाबाई यांस,
सौ. बेबीबाई यांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विनंती विशेष. आपले पत्र पावले. इकडील सर्व मंडळी परमेश्वरकृपेने क्षेम आहेत. स्थलांतर निर्विघ्न पार पडले. मिलच्या मालमोटारीतून सामान आणिले. आपली पेटी सौ. बेबीबाई यांनी मांडीवर घेऊन, ओल्या लुगड्याने आच्छादून, सुखरूप आणिली. येथे थंडीचा कडाका असल्याकारणाने पेटीची स्थापना स्वयंपाकघरात चुलीसन्निध केली आहे. जलाची व्यवस्था आपण सुचविल्याप्रमाणे आहे.

मातोश्री शेवंताबाई यांच्या खोकल्यास पुष्कळ उतार आहे. काळजी नसावी. अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नये.

लोभ आहेच, तो पत्ररूपाने राखावा.

आज्ञेवरून लेखन : सोमाजी गुरुजी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, शेजारी.


॥ श्री ॥
भंडारा, ९ डिसेंबर १९७९

सौ. जाऊबाई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून माझ्या जिवाला चैन नाही. करडीला आपण दोघी जात्याशी बसून बोलत होतो तेव्हा तुम्ही मला निरमले अशी हाक मारायच्या. लाखनीला जाताच मी तुमची गंगाभागीरथी झाले. ते अक्षर गुरुजींचं आहे हे मला कळतं, पण सांगणाऱ्या तुम्ही होता. की आता नव्या घरात विधवा जावेची जागा पहिल्या ओळीतच दाखवून द्यायची आहे?

राग आला की माझं पत्र वाकडं जातं, तर सरळ विचारते. खोकं सुखरूप आलं असं लिहिलंत, खेकडे सुखरूप आले असं कुठेच नाही. किती आहेत तेही नाही. आणि भर थंडीत सासूबाईंचा खोकला एकाएकी कसा उतरला? त्यांचा खोकला होळीशिवाय जात नाही, हे मी सात वर्षं पाहते आहे.

आमच्या होस्टेलातली रुखमा लाखनीचीच. गेल्या रविवारी ती घरी गेली होती, तिला मी मुद्दाम तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही विहिरीवर गेला होता. तिनं खोक्यात वाकून पाहिलं, तिला एकच खेकडा दिसला. आणि चुलीजवळच्या फळीवर एका डबीच्या झाकणात खेकड्याचे पाय आणि नांगी वाळत ठेवलेली दिसली. सासूबाई तिथेच बसून काहीतरी गरम पीत होत्या. रुखमेला पाहून त्यांनी वाटी पदराआड केली.

मी कोणावर आळ घेत नाही. वाटीत चहाही असेल. पण मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या, आणि ते गुरुजींच्या प्रस्तावनेशिवाय द्या: चारातले किती आहेत, आणि बाकीचे कुठे गेले?

उत्तर येईपर्यंत माझं पुस्तकात लक्ष लागणार नाही. प्रेम होतं, ते अजून आहे असं समजून लिहिते.

तुमची,
निर्मला


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
लाखनी, १७ डिसेंबर १९७९

गं. भा. निर्मलाबाई यांस,
सौ. बेबीबाई यांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विनंती विशेष. आपला प्रश्न समजला. त्याचे उत्तर सौ. बेबीबाई यांच्या सांगण्यावरून देत आहे. चार खेकड्यांपैकी एक पेटीत हिंडतो आहे. उर्वरित तीन मृत्तिकेस मिळाले. घडले ते निसर्गनियमानुसार घडले, त्यास कोणाचा इलाज नाही, सबब आपण काळजी करू नये असे त्या कळवितात. एकाचे पाय व नांग्या आपल्या अवलोकनार्थ डबीत जतन करून ठेविल्या आहेत.

मातोश्रींच्या वाटीसंबंधी विचारणा केली असता त्या हसल्या, एवढेच लिहिण्यासारखे आहे.

जाता जाता या लेखकाकडून चार शब्द. पतिनिधन पावलेल्या स्त्रीस 'गं. भा.' लिहिणे हा सन्मान आहे, त्यात उपमर्द शोधू नये. मनुष्यदेहही जेथे टिकत नाही तेथे या क्षुद्र जीवांचा शोक तो किती करावा?

वडीलकीचा सल्ला मानून बोध घ्यावा.

आज्ञेवरून लेखन : सोमाजी गुरुजी.


(पोस्टकार्ड)
भंडारा, २२ डिसेंबर १९७९

सौ. बेबीबाई यांस,

मुद्दाम उघडं कार्ड लिहिते आहे. पोस्टमननेही वाचावं, गुरुजींनीही वाचावं आणि सगळ्या आळीने ऐकावं.

तिघे मातीला मिळाले. तुम्ही मला काळजी करू नको म्हणता आणि पाय डबीत घालून ठेवता. सासूबाई हसल्या. रस्सा चांगला झाला असेल. आपल्या मेलेल्या मुलाच्या हातचे जीव घोटाघोटाने पिताना त्यांना काही वाटलं नाही आणि तुम्ही चूल फुंकलीत. नव्या घरात माझी अडचण होती, तर तसं सांगायचं. मी आपणहून निघाले असते.

उरलेला एक आणि ते खोकं वैनगंगेत टाका. मी संक्रांतीला येणार नाही. परीक्षा झाली की लांबची शाळा मागून घेईन. ह्यापुढे पत्र पाठवू नये.

निर्मला


लाखनी
१६ मार्च १९८०

निरमला,

हे पत्र मी लिवून राहिली. बेबी. माह्याच हातचं आहे. संक्रांत झाल्यावर इथं दुपारचा बायांचा वर्ग निघाला, मोठ्या बायांले लिवाले शिकवतेत. मी पयल्याच दिवशी जाऊन बसली. बाईनं विचारलं का काहून शिकतं, तं मी म्हणली मले एकच पत्र लिवाचं आहे. दोन महिने लागले. चुकलं तं हसू नोको.

मी गुरुजीले सांगतलं होतं का एक फिरून राहिला अन् तीन मातीत गेले. रेतीत शिरले, दडून बसले, तू लिवली होती तसं कात टाकाले. मी उकरलं नाही. एकानं वरच कात टाकली, मंग खाली गेला. ते पाय अन् नांगी म्हंजे निसती कात होती, पोकळ. बांधीतले केकडे टाकतेत तशी. तुले दाखवाले डबीत ठेवली. मले मोठी मजा वाटली होती. गुरुजी म्हणे मातीत गेले हे गावंढळ दिसते, मी सुधरून लिवतो. त्यानं काय लिवलं ते मले कसं समजन. त्यानं वाचून दाखवलं तवा मृत्तिका आयकून मले वाटलं रेतीचंच मोठं नाव असन. मी मान हालवली. गं. भा. पन त्याचंच. मले तं ते वाचताच येत नव्हतं.

बुढीच्या वाटीत दारू होती. मोहाची. खोकल्यावर घोटभर घेते, लेकाले कळू देत नाही. पाहुनी पोरगी आली म्हणून पदराआड केली. तुह्या पत्रातलं आयकून हसली ती यासाठी.

तुहं कार्ड आलं तवा छपरीत पाच सहा मानसं बसली होती. पोस्टमननं मोठ्यानं वाचलं. रस्सा वाचलं तवा त्याचाच आवाज बारीक झाला, पन थांबला नाही. बुढी आयकत होती. उठून आत गेली. मले वाटलं रडत असन, म्हणून मी जरा वेळ जाऊ देला. तेवढंच माहं चुकलं.

आत गेली तं बुढीनं खोकं उलटं केलं होतं. दोनी हातानं रेती उकरून राहिली होती. म्हणे पोस्टमनले दाखवतो, समद्याइले दाखवतो, मी माह्या पोराचं खाल्लं नाही. एक तिच्या हातात सापडला. बाहेर आणून मानसाइले दाखवला. पाहा जित्ता आहे म्हणे. होता पन जित्ता. पांढरा, लोन्यावानी नरम. तिच्या हातातच पाय हालवता हालवता थांबला. मी तिचे हात धरले, बाकी रेती भरली, खोकं बंद केलं.

तवापासून बुढी धड जेवत नाही. माहा पोरगा इश्वर गेला तवा मी दूर होती, हा तं माह्या हातात गेला, एवढंच म्हणते. खोकल्याची वाटी पन सोडली. दिवसभर खोक्यापाशी बसून राहते अन् कोनाले हात लावू देत नाही.

नदीत मी काही टाकलं नाही. तुहं मी आयकलं नाही, तुले राग येवो का काही येवो. शिवरातीनंतर बाकीचे दोन वर आले. लाल झाले, मोठे झाले. एकानं नवा शंख घेतला. तीन आहेत. मोजून लिवलं.

मले तुह्यावर राग आला होता. अजून आहे. मी ते खोकं करडीपासून मांडीवर आणलं, माह्या मांडीले मुंग्या आल्या होत्या, पन खाली ठेवलं नाही. अन् तू असं लिवलं. राग आहे म्हणून सांगतलं, मनात ठेवत नाही.

बुढीले मी सांगतलं निरमला तुह्यावर रागावली नाही. ते खोटं आहे का खरं मले माहीत नाही. ती पुसते का मंग निरमला काहून येत नाही.

पत्र लिवू नोको. तू लिवली तं वाचाले मले आठ दिवस लागन, अन् बुढीपाशी तेवढे दिवस आहेत का नाही कोनाले ठावं.

तू ये.

बेबी