चार पारदर्शक फिल्म

६ मे
पीएच.डी.चं सातवं वर्ष. ३१ तारखेपर्यंत एक तरी धड फिल्म दाखवली तर मुदतवाढ, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. घाबरण्यासारखं काही नाही. पॉलिमरच्या पातळ फिल्ममध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण घालायचे. कणांचं प्रमाण बदललं की फिल्म अतिनील किरणं कमी-जास्त अडवते. आमच्या बोरी गावातल्या टोमॅटोच्या रोपवाटिका माझ्या फिल्मखाली आत्ताच दिसतात. फक्त फिल्म व्हायची राहिलीय. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

७ मे, सकाळी ९
उठलो.

११ मे
घरच्या गच्चीवर ओतलेल्या पहिल्या फिल्मभर बुडबुडे. केमिकल खराब.

१४ मे
तडे. हवा खराब. गच्चीवर आई साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. म्हणाली, गोरक्षा, लई घाई करतुस, कोमट व्हऊ दे, मंग पसर, आन् सावलीत वाळव. आईला नॅनोटेक्नॉलॉजी काय सांगणार? हसून सोडून दिलं.

१७ मे
चार फिल्म अखंड सुटल्या. जरा पांढरट, पण सुटल्या. कडक व्हायला आईच्याच प्लॅस्टिकवर कडेला ठेवल्या. दुपारी वावटळ आली, आईनं सगळं गोळा करून एका डब्यात भरलं. ठीक आहे, सात वर्षांची नजर आहे. डब्यातल्या सर्वांत पारदर्शक चार उचलल्या. एकीत तपकिरी ठिपका. नॅनोकणांचा गुच्छ असणार. पेपरमध्ये त्यावर वेगळा परिच्छेद लिहिणे.

१८ मे
पुण्याला जाऊन फिल्म गाईड वृषाली मॅडमना दिल्या. (कॉलेजात मला दोन वर्षं ज्युनिअर.) उजेडात धरून बराच वेळ बघत होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा चहा विचारला. येताना ओझरला उतरून गणपतीपुढे पेढे ठेवले.

२१ मे
आईचा उपवास. तक्रार अशी की चार पापड्या फुलल्याच न्हाईत, कढईत गोळा झाला, वास सुटला, तेलासकट टाकून द्यावं लागलं. भेसळीचा साबुदाणा, दुसरं काय. पुढच्या वेळी चांगल्या कंपनीचा आणायला सांगितलं.

२६ मे
रिपोर्ट आला. झिंक ऑक्साइड शून्य. स्टार्च आणि मीठ. ठिपका म्हणजे जिरं.
खाली मॅडमचा शेरा: इतकी एकसारखी फिल्म तुमच्याकडून कधीच आली नव्हती. ज्यांनी केली त्यांच्याकडून शिकून या, मगच मुदतवाढीवर सही करेन.
लाज वाटली. अर्धा तास जिन्यात बसून राहिलो, मग आईला सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. उद्या सातला गच्चीवर ये म्हणाली. आंघोळ करून ये, आन् वही आणू नगंस.