पाहुण्यांची खुर्ची

विभागप्रमुख महाशय,

निवृत्तीनंतर मी तुमच्या विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला आले, खुर्ची उबवायला नव्हे. काल अंतिम सामन्याला अख्ख्या वर्गाला कामं वाटलीत आणि मला पाहुण्यांत बसवलंत. म्हणे, "आजी, तुम्ही आराम करा."

तेवढ्यात फाटकावर रेटारेटी झाली. तुमच्या शिट्टीला कुणी भीक घालेना. मी उठले आणि माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांच्या आवाजात म्हटलं, "एका रांगेत, नाहीतर घरी." गर्दी मुकाट सरळ झाली. तुम्हीसुद्धा रांगेत उभे राहिलात.

पुढच्या स्पर्धेसाठी वर्गातल्या मुलांनी फलकावर फाटकाच्या कामापुढे माझं नाव लिहिलंय. ते पुसू नका. खुर्ची हवी तर तुम्ही घ्या.

हे पत्र पाठवत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण अजून तुमच्याच हातात आहेत.

तुमची विद्यार्थिनी,
आजी असेन तर माझ्या नातवंडांची