गाडी पारखणारी

प्रिय हाडवैद्यबुवा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू म्हणाला असशील, याला आता फोन सोडून हे काय सुचलं? फोनवर तू मला नीट बोलू देत नाहीस. विषय नको तिकडे वळला की तुझा पेशंट येतो आणि फोन बंद होतो. कागदाला तसं गप्प करता येत नाही. फार तर घडी घालून खणात टाकशील. ते करू नकोस. दोन-तीन पानांचाच मामला आहे, आणि सुरुवात अगदी निरुपद्रवी आहे. आम्ही गाडी घेतली.

आमची जुनी गाडी, जिला तू बिस्किटाचा डबा म्हणायचास, गेल्या महिन्यात चढावर दोनदा बंद पडली. तुझी वहिनी पोहायला शिकवते, त्यासाठी तिला रोज टेकडीपलीकडच्या तलावावर जावं लागतं. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, त्यातली निम्मी वळणं. तेव्हा गाडी बदलायची हे ठरलं, पण कुठली, यावरून घरात दोन तट पडले. माझं म्हणणं, उंच, ऐसपैस, शहाण्यासारखी गाडी घ्यावी. दोन्ही पोरांचे पाय आता ताडमाड झालेत, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. आणि वहिनीचं म्हणणं काय, तर सेडान हवी. तीही साधीसुधी नाही, ठेंगणी, रस्त्याला चिकटून पळणारी, दमदार इंजिनाची. मी म्हटलं, या वयात शर्यतीत उतरणार आहेस का? ती म्हणाली, 'पंचवीस वर्षं मी तुमच्या आवडीच्या गाड्या चालवल्या. वळणावर स्टिअरिंग माझ्या हातात असतं, तुम्ही शेजारी बसून डुलक्या घेता.'  तुला माहीतच आहे, घरात मी उत्तरं शोधेपर्यंत निकाल लागलेला असतो.

आधी शोरूममध्ये जाऊन नवी बघितली. गाडी देखणी होती, यात वाद नाही. पुढून बघितलं तर दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. विकणारा माणूस गोड बोलत होता, आरशासारख्या फरशीवर आमच्या चपलांचे डाग पडत होते, आणि पोरं मागच्या सीटवर बसून सगळी बटणं दाबत होती. पण गाडी हातात यायला चार महिने लागणार होते, आणि तोवर टेकडी काही थांबणार नव्हती. मग वहिनीनं जुन्या गाड्या बघायला सुरुवात केली. याच जातीची तीन वर्षं वापरलेली एक लाल गाडी शहराबाहेरच्या एका गाडीबाजारात होती. ती बघितल्यापासून वहिनी जेवताना हसायला लागली. मला धास्ती वाटली. जुनी गाडी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. वहिनीसोबत काम करणाऱ्या एका बाईनं सांगितलं, गाडी घेण्याआधी तपासून देणारी एक मुलगी आहे, स्वतंत्र काम करते, कुणाच्या बाजूची नाही, तिला बोलवा. वहिनीनं परस्पर वेळ ठरवली. मला नाव सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या सकाळी आम्ही सगळे, सासूबाईंसकट, त्या गाडीबाजारात उभे होतो. ती स्कूटरवरून आली. अंगात खिशांचा निळा डगला, पाठीला हत्यारांची पिशवी. हेल्मेट काढलं आणि मी जागच्या जागी थिजलो. तिनंही मला ओळखलं. क्षणभर थांबली, मग नमस्कार केला आणि म्हणाली, 'काका, गाडी सकाळपासून कुणी चालू केली नाही ना?' आणि सरळ बॉनेटवर तळहात ठेवला.

ती कोण, ते तू ओळखलं असशील. तरी पुढचं वाच. मला तुला तिची बातमी सांगायची नाहीये, तिचं काम सांगायचंय. तू ते कधी बघितलेलं नाहीस. मीही नव्हतं.

बॉनेट कोमट होतं. ती गाडीबाजाराच्या मालकाला म्हणाली, 'तुम्ही आधीच गरम करून ठेवलीय. गार इंजिन सुरू होताना जे बोलतं, ते मला ऐकायचं होतं.' आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर राग नाही. मग एक तळहाताएवढं यंत्र काढून तिनं गाडीच्या अंगावर वीतभर अंतरानं टेकवत नेलं. रंगाचा थर किती जाड आहे ते त्यावर कळतं. पुढून मागे येईपर्यंत आकडे सारखे, आणि डाव्या मागच्या कोपऱ्यावर एकदम दुप्पट. तिनं डिकी उघडली, आतला गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली आणि टॉर्च घेऊन कमरेपर्यंत आत शिरली. बाहेर येऊन तिनं वहिनीला बोलावलं, तिचा हात धरून आतल्या पत्र्याच्या जोडावर फिरवला आणि दुसऱ्या बाजूच्या जोडावरही फिरवला. वहिनी मला नंतर म्हणाली, एक जोड गुळगुळीत होता आणि दुसरा बरी न झालेल्या जखमेसारखा. गाडीला मागून जबर ठोकर बसली होती. कागदावर त्याचा कुठे उल्लेख नव्हता.

मालकानं तिला बाजूला नेलं. दोन-तीन मिनिटं त्याचे हातवारे चालले होते. ती परत आली आणि त्याच्या देखत आम्हाला म्हणाली, 'हे म्हणतायत, इथून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या यापुढे माझ्याकडे तपासायला पाठवतील. म्हणून आताच सांगून टाकते. ही गाडी घेऊ नका. घाटात चालवायची असेल तर मुळीच घेऊ नका.' मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासूबाई, ज्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, त्या मला कानात म्हणाल्या, 'ही पोर कुणाची हो?' मी म्हटलं, माझ्या मित्राची. पहिल्यांदाच म्हटलं, हाडवैद्यबुवा, आणि छाती फुगली. उसनी छाती होती, तरी फुगली.

वहिनी हिरमुसली. मला वाटलं, आता माझ्या उंच डब्याचे दिवस आले. पण तुझ्या लेकीनं वहिनीला विचारलं, 'काकू, तुम्हाला या गाडीत नक्की काय आवडलं?' वहिनीनं सांगितलं, वळणावर ती झुकत नाही, म्हणू तिथं जाते. तर ही म्हणाली, 'मग तुमची निवड बरोबर आहे. फक्त ही एक गाडी चूक आहे.' आणि दुसरी शोधून द्यायचं तिनंच मनावर घेतलं. आठ दिवसांत तिनं तीन गाड्या बघून आमच्यापर्यंत न आणताच परत पाठवल्या. एकीचा गिअर सावकाश चालताना आचके देत होता, एकीचं मीटर मागे फिरवलेलं होतं. ते तिनं ब्रेकच्या पायपट्टीवरून ओळखलं. म्हणे, वीस हजार किलोमीटरमध्ये रबर एवढं झिजत नाही. तिसरीबद्दल एवढंच म्हणाली की मालक खोटं बोलताना डोळे मिटतो.

चौथी गाडी एका जमीन मोजणाऱ्या बाईंची होती. पाच वर्षांची, निळसर करडी, मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा. माझ्या मनात ती भरली नाही. पण तुझी लेक त्या गाडीभोवती जशी फिरली ना, तसं तुला वॉर्डात फिरताना मी बघितलंय. गळ्यात स्टेथोस्कोप होता. खोटं नाही, गाड्यांचाही असतो, टोकाला चकतीऐवजी लांब सळई. ती इंजिनावर एकेका जागी टेकवून डोळे मिटून ऐकत होती, आणि आमची एरवी सतत वटवट करणारी दोन्ही पोरं श्वास रोखून उभी होती. मग तिनं सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. गुडघे कुठे अडतात ते बघितलं आणि सांगितलं की पुढची सीट चार बोटं सरकवून, हातानं धरायला दाराच्या वर एक मूठ लावली की झालं. 'आजी, आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे,' असंही समजावलं. सासूबाईंना इतकी वर्षं गाडीत कसं बसायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. वहिनीला मात्र तिनं एका गोष्टीत ठाम नकार दिला. वहिनीला शोरूममधल्या गाडीसारखी मोठी, रुंद, चकचकीत चाकं लावून हवी होती. ही म्हणाली, 'दिसायला छान दिसतील. पण टायरच्या रबराची उंची एवढीशी उरते, एका खड्ड्यात चाक वाकेल, आणि आजींच्या पाठीला प्रत्येक दगड कळेल. आहेत तीच ठेवा. मजा इंजिनात आहे, चाकात नाही.' शेवटी वहिनीला चालवायला बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि टेकडीवर घेऊन गेली. मी मागे होतो. चौथ्या वळणावर वहिनी हसायला लागली ती वर पोचेपर्यंत हसत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं हसू मी कितीदा बघितलं ते बोटांवर मोजता येईल.

गाडी आता दारात आहे. ओरखडा वहिनीनं मुद्दाम ठेवलाय. मी गुपचूप कबूल करतो की संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी काही ना काही निमित्त काढून एक चक्कर मारून येतो.

तुझ्या लेकीला मी घरी चहाला बोलावलं. आली. हात धुतले तरी नखांच्या कडेला काळं राहिलं होतं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. शहराच्या पूर्वेला तिनं एक गाळा घेतलाय. हाताखाली दोन मुली शिकतायत. लोक तारीख घेऊन थांबतात. गाड्यांचं काम शिकायला तिनं तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणाला होतास की ही आता ग्रीस-तेलात आयुष्य घालवणार. घालवतेय खरी, आणि झोकात घालवतेय. तुझा विषय मी एकदाच काढला, तो शेवटी सांगतो.  जाताना दारात चप्पल घालता घालता तिनं विचारलं, 'बाबांची पाठ कशी आहे?' मी म्हटलं, पट्टा लावतो, ऐकत नाही. तिनं दुसरी चप्पल चढवली. मग म्हणाली, 'त्यांच्या गाडीचे मागचे टायर नऊ वर्षांचे झालेत. ग्रिप दिसते अजून, पण रबर कडक पडलंय, कडेला भेगा आहेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागणार नाही. तुम्हीच बघितलं असं सांगा. माझं नाव नको.' टायरवर तारीख छापलेली असते, ती वाकून, जवळ जाऊन वाचावी लागते. म्हणजे ती तुझ्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये येऊन गेलीय. एकदा की अनेकदा, ते मी विचारलं नाही. माझं नाव नको म्हणाली होती, तो शब्द मी आत्ता मोडला. टायर उद्याच्या उद्या बदल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सहा वर्षांपूर्वी, तिनं कॉलेज सोडलं तेव्हा, तू माझ्या दुकानात आला होतास. आतल्या खोलीत मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घासत होतो. तू स्टुलावर बसलास आणि विचारलंस, ती ऐकत नाही, मी काय करू? तू तेव्हा रागावलेला नव्हतास, घाबरलेला होतास. ते मला दिसलं असतं, पण मी मान वर केली नाही. घासता घासताच म्हणालो, 'महिनाभर बोलू नकोस. येईल ताळ्यावर.' तू उठलास आणि माझं ऐकलंस. तुम्हा दोघांत मानी कोण जास्त, हे मला ठाऊक असायला हवं होतं. महिना उलटला तेव्हाही मी तुला म्हणालो नाही की आता पुरे. वर्ष गेलं तेव्हा मला सांगायची लाज वाटली, आणि मग लाजेचीच सवय झाली. इतकी वर्षं लोक तुला कठोर बाप म्हणतात, वहिनीसुद्धा म्हणते, आणि मी शेजारी बसून ऐकून घेतो. तो सल्ला माझा होता. पोरीला मी हे चहाच्या वेळी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, 'म्हणजे बाबा विचारायला आले होते?' मी हो म्हटलं. तिनं मान फिरवली, आणि मी कप उचलून आत गेलो. तुझ्याकडे माफी मागायचा हक्क मला नाही, तरी मागतोय. मला उत्तर लिहू नकोस. गाळ्याचा पत्ता पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर आहे, ती रविवारीही दुपारी एकपर्यंत तिथे असते.

तुझाच,
भिंगवाला