खडूचं स्वयंपाकघर

दि. ६ जानेवारी

चि. भाचीस अ. आ.

तुझ्या नव्या घराचा नकाशा पोचला. सगळं बांधकाम ठरीव रकमेत, आणि करारावर येत्या शुक्रवारी सह्या, हे वाचून बरं वाटलं. पण मला सुताराला कागदावर घर दिसत नाही. म्हणून चार दिवस खपून तुझं स्वयंपाकघर आमच्या फरशीवर खडूने पुऱ्या मापात आखलं आणि मामीला त्यात खोटा खोटा स्वयंपाक करायला लावला. आधी वैतागली, मग मधेच थांबून म्हणाली, की वन्सं बसणार कुठे? तुझी आई गुडघ्यांपायी घडीघडी टेकते, पण स्वयंपाकघर काही सोडत नाही. खिडकीखाली पक्की बैठक हवी. सहीआधी सांग.

माया आहेच, ती वाढावी.
मामा

दि. १२ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं, सही कालच झाली. आर्किटेक्टबाईंनी बजावलंच होतं, की सहीनंतर एक खिळा वाढला तरी त्याची किंमत वेगळी. बैठकीची सांगितली तेवढी आमच्याकडे उरलेली नाही. आई म्हणते, स्टुलावर बसेन. त्याच स्टुलावरून ती गेल्या वर्षी पडली! नळ, बटणं सगळं करारात घातलं आणि आईलाच विसरले. नक्कल सोबत पाठवते.

रागावू नका, हसूही नका.
भाची

दि. १७ जानेवारी

चि. भाचीस अ. आ.

रडूबाई, पत्र मीच उशिरा टाकलं, तेव्हा भरपाई माझी. करारात ओट्याखालची कपाटं धरलेली आहेत. बाईंना म्हणावं, कपाटं वगळा, बदल्यात बैठक द्या, रक्कम तीच ठेवा. लाकूडकामाचे दर मला ठाऊक आहेत, त्यांचं नुकसान नाही. कपाटं मी करतो. हात थरथरतात खरे, पण रंधा धरला की गप्प बसतात. मापं फरशीवर आहेतच. मामीला तिथे फडकं लावायची बंदी आहे, त्यामुळे घरात सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर,
मामा

दि. ९ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

बाईंनी अदलाबदल लिहून घेतली ती तुम्हाला कळवलीच होती. शेवटपर्यंत रक्कम तसूभर हलली नाही. काल राहायला आलो. आई सकाळपासून बैठकीवर आहे आणि तिथूनच मला भाजी चिरायला शिकवते आहे. मी पन्नाशीची झाले हे तिला कुणी सांगावं! तिची तक्रार एकच, तिसऱ्या कपाटाचं दार चिकटतं. दुसरा सुतार बोलावते म्हटलं तर रागावली. ज्याने केलं त्यालाच बोलाव म्हणते, मामीसकट, चांगलं महिनाभर.

तेव्हा रंधा घेऊन या. आणि निघण्याआधी मामींना ती फरशी एकदाची पुसू द्या.

तुमच्या बॅगांची वाट पाहणारी,
भाची