उलव्याचं घर पाहून आल्यावर

प्रिय आशू,

एजंटने तुला एव्हाना कळवलं असेल की तुझ्या बहिणीने सौदा मोडला. खरं आहे. कालपासून तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाहीये, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे लिहून कुरियरने पाठवतेय. चिडायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर चीड.

आधी घराबद्दल सांगते. तू हैदराबादेत, म्हणून मला बघायला पाठवलंस, आणि मी नीट बघितलं. घर चांगलं आहे. खारकोपर स्टेशन रिक्षाने जवळ, राहायच्या परवानगीची ओसी मिळालेली, सोसायटी रजिस्टर झालेली. पाण्याचं मी एजंटला नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. दोन्ही वेळा येतं म्हणाल्या. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहिला, ओल नाही. जवळच्या नव्या विमानतळामुळे भाडेकरू मिळत राहतील हा तुझा हिशोबही बरोबर वाटला. पहिलंच घर, तेही गुंतवणूक म्हणून, तर याहून बरं तुझ्या ऐपतीत मिळणार नाही. खटकत होतं एवढंच, की शेजारच्या इमारतींपेक्षा हे इतकं स्वस्त का? तू म्हणाला होतास, मालकाला घाई आहे. कसली घाई विचारलं, तर म्हणालास, आपल्याला काय करायचंय.

मालक मितेश, तिशीतला, तिथल्याच गावचा. त्यांची शेती सरकारने घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत उभी केली आणि यांच्या वाट्याला हा फ्लॅट आला. आई आणि मुलगा, दोघांच्या नावावर. आईंना भेटायचंय म्हटलं, तर म्हणाला, ती मोरा गावात मावशीकडे असते, सहीला मी घेऊन येईन. बोलताना तो सारखा दाराकडे बघत होता. आणि मला तर आतल्या दोरीवर ओलं लुगडं वाळत घातलेलं दिसत होतं.

एवढ्यात दार उघडलं आणि मासळीची पिशवी घेऊन एक बाई आत आल्या. मितेशचा चेहरा पांढरा पडला. "आये, रंगाचं बघायला आलेत," तो घाईने म्हणाला. एजंटने मला डोळ्याने खुणावलं, गप्प रहा म्हणून. मी गप्प राहिले, आशू. त्याची आई, गोजराबाई, मला हाताला धरून घरभर फिरवत होत्या. देवाच्या भिंतीला पिवळा द्या, उजेड राहतो, म्हणाल्या. मी मान हलवत होते. मग चहा टाकायला त्या स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग गेले. हळूच विचारलं त्यांनी, "किती दिस लागतील वो रंगाला? मितेश बोलतो, आठ दिस मोऱ्याला जाऊन रहा. मना करमत नाय तिकडं."

तेव्हा घाई कसली ते मला कळलं. त्या आठ दिवसांसाठी जाणार होत्या आणि परत यायला घर असणार नव्हतं.

मी सांगून टाकलं. "मावशी, मी रंगाची नाही. माझ्या भावासाठी हे घर विकत घ्यायचंय, म्हणून आलेय."

त्यांनी गॅस बंद केला. बाहेर जाऊन मुलासमोर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माजी सही कवा घेनार होतास?" मितेश ओरडायला लागला. त्याच्या डोक्याला किती टेन्शन आहे, धंदा कसा बसलाय, सगळं तिच्यासाठीच कसं करतोय. एजंट माझ्यावर धावून आला, मॅडम, तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं? शेजारच्यांनी दारं उघडली. मी तिथेच उभी राहिले. गोजराबाई मात्र खुर्चीत बसून राहिल्या. त्याचं ओरडणं संपल्यावर म्हणाल्या, "जमीन गेली तवा तुज्या बापाला पन कोनी इचारला नवता." मितेश खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही आणि घराबाहेरही काढलं नाही. घर विकणार नाही म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, च्या घ्या नि मग जा. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला माहीत.

तुला वाटेल, परक्या घरात ताई उगाच मध्ये पडली. तशी मी पडले नसते. पण त्या रंगाबद्दल बोलत होत्या आणि मला सारखी आपली आई दिसत होती. तुझ्या घराचे सुरुवातीचे पैसे कुठून येणार ते तू गेल्या महिन्यात मला सांगितलंस: आईची नेरूळची खोली विकून. वर म्हणालास, ताई, तिला आत्ताच काही बोलू नकोस, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती तुझ्याकडेच राहतेय, तिला काय फरक पडतो. ती अजून दर शनिवारी काठी टेकत तिथे जाते, खिडक्या उघडून तासभर बसते आणि येते. मितेशही वाईट मुलगा वाटला नाही मला. तोही तुझ्यासारखाच बोलत होता. तू आईला विचार. ती कदाचित हो म्हणेल, तुझ्यासाठी ती कशालाही हो म्हणते. हो म्हणाली तर तिला रजिस्ट्रेशनला मी स्वतः घेऊन जाईन, आणि तुझ्या ऐपतीतलं दुसरं घर तुला शोधून देईन. पण हे तिने तुझ्या तोंडून ऐकायला हवं, तुझ्याकडे बघत. रविवारी ये. तोपर्यंत मी तिला काही बोलणार नाही. तू आला नाहीस, तर सोमवारी मीच सांगेन.

रागावलास तरी तुझीच,
राजीताई