कठड्याचा खांब

शनिवार, ७ नोव्हेंबर

भाऊजी,

माझा फोन उचलायचा नाही, आणि लेकीच्या हाती निरोप पाठवायचा, "वहिनीला म्हणावं, होडी विकून मोकळी हो." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुमचं! तुमचा भाऊ गेला तेव्हा होडी यार्डात ओढून आणलीत, वर ताडपत्री टाकलीत, मला म्हणालात, "तिकडे फिरकू नका वहिनी, त्रास होईल." आणि स्वतः समुद्रापासून लांबची बदली मागून पसार झालात. दोन वर्षं ती ताडपत्रीखाली सडली. आता मी हात घातला तर तुमच्या पोटात दुखतंय.

असो. बरे आहात ना सगळे? जाऊबाईंची कंबर कशी आहे? इकडे लेकीची नोकरी नीट चाललीय, माझा गुडघा अधूनमधून रुसतो. झाली खुशाली.

पत्र माझ्या हाताने लिहितेय. लेक म्हणाली, "आई, तू सांग, मी मोबाइलवर टाइप करते, चटकन होईल." म्हटलं, नको. माझी शाळा चौथीतच सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी हे तिच्या हातातून जायला नको. मला तुमच्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर हवंय, आणि होडी पाण्यात उतरायच्या आत हवंय. काय ते सांगते. आधी होडीचं ऐका.

वरून पाणी मारलं की आत केबिनमध्ये डाव्या बाकावर ओल यायची. बाकी कुठे टिपूस नाही. तोच बाक, ते दुपारी आडवे व्हायचे तो. आणि ओल तरी कशी, उशीकडे रुंद, पायाकडे निमुळती. लेकीने पहिल्यांदा बघितलं आणि पायरीवरच थांबली. "आई, बाबा आत्ता उठून गेलेत असं वाटतंय."

मी खेकसले, "उठून गेले असते तर फडकं मारून गेले असते. आण ते फडकं."

भुताखेतांना माझ्याकडे वेळ नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण ते खाली उभे राहून होडीच्या अंगावर टकटक करायचे ना, चहा आण म्हणून? ती टकटक येते. दोरी डोलकाठीवर आपटते, बाकी काही नाही, कळतं मला. तरी तोंडातून "आले, आले" निघून जातं. मग किटली घेऊन बाहेर येते तर समोर नुसता यार्ड.

एकदा ती ओल पुसलीच नाही. तिच्यावर आडवी झाले. पाठ गार पडली, आणि बरं वाटलं. हे जाऊबाईंनासुद्धा सांगू नका. आपल्या घराने लोकांना चघळायला आधीच पुष्कळ दिलंय.

तर गळती. खिडक्या काढल्या, फटी बुजवायचं जुनं सिलंट खरवडून नवीन घालून बसवल्या. वरचं झाकण काढलं, बसवलं. डोलकाठीचं बूड केलं. पाणी मारलं, की बाक ओला. यार्डातला मिस्त्री येऊन हसतो. "बाई, म्हातारी होडी पाझरणारच. या वयात आपण पाझरत नाही का?"

"तुमचं तुम्ही बघा मिस्त्री. माझं काही पाझरत नाही."

पण मग त्यानेच सांगितलं, की या डेकचं क्रीमच्या बिस्किटासारखं असतं. वर-खाली फायबरचे पापुद्रे, मध्ये लाकूड. पाणी एकीकडून शिरतं, लाकडातून सरपटत जातं आणि भलतीकडेच बाहेर येतं. म्हणाला, पाणी आत कुठून येतं ते शोधू नका, आतला वारा बाहेर कुठून जातो ते शोधा.

मग आम्ही सगळी भोकं चिकटपट्टीने बंद केली, एका खिडकीतून ब्लोअर आत घुसवला आणि डेकवर साबणाचं पाणी फवारलं. ब्लोअर लागला आणि होडी फुगली, भाऊजी. खरंच फुगली. झाकण कुरकुरलं आणि आतून असा एक लांब सुस्कारा आला, की माझ्या हातातली बाटली निसटली. दोन वर्षं दाबून धरलेला श्वास कुणी सोडावा तसा. लेक माझा दंड धरून उभी.

बुडबुडे आले ते एकाच ठिकाणी. डाव्या कठड्याचा मधला खांब, बरोबर त्या बाकाच्या वर. काखेत कळसा न् गावाला वळसा. सगळं सोडवलं मी, तेवढ्या एका खांबाला हात लावला नव्हता. का, तर तुम्ही म्हणाला होतात, "ओढून आणताना तो वाकला, मी ठोकून सरळ केलाय, आता पक्का आहे."

मी खांब उपसला. लेकीला पाणी आणायला पाठवलं होतं, एकटीच होते.

तुमच्या भावाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. वस्तू पूर्ण काढायची, तिच्या बुडाला सिलंट लावायचं, मग बोल्ट आवळायचे. कडेने जे बाहेर येईल ते चमच्याच्या पाठीने गुळगुळीत करायचं. घरात एक चमचा धड ठेवला नव्हता त्या माणसाने. या खांबाच्या बुडाला काहीच नव्हतं. नुसतं वरून कडेने फासलेलं, अंगठ्याने दाबलेलं. अंगठ्याला मधोमध खाच. लग्न होऊन आले तेव्हा तुमचा अंगठा दारात चेपला होता, त्यावर फुंकर मीच घातली होती. ती खाच मी ओळखणार नाही?

आणि त्या अंगठ्याच्या ठशावर पांढरा रंग. ते गेले त्याच आठवड्यात त्यांनी कठड्याच्या कडेने दिला होता, तो. म्हणजे खांब तुम्ही बसवलात तो ते असतानाच, होडी ओढून आणल्यावर नाही. धाकट्याने केलंय म्हणजे झालं असेल, म्हणून रंग मारून पुढे गेले असणार. मीही तसंच केलं.

खाली लाकूड राहिलेलंच नाही. भिजलेल्या पावासारखं, बोट आत जातं. आतल्या बाजूचे दोन्ही बोल्ट डेक फाडून वर आलेले. मी मिस्त्रीला सहज विचारलं, होडी ओढताना दोरी या खांबाला बांधतात का हो? तो म्हणाला, "बाई, दोरी पुढे बांधतात. मधल्या खांबाला येडासुद्धा बांधणार नाही."

आता ते लिहिते, जे आपल्या घरात कुणी उच्चारत नाही.

वारा नव्हता त्या दिवशी. होडी नुसती तरंगत सापडली. शीड धड, दोर जागच्या जागी, माणूस नाही. लोक म्हणाले, इतका मुरलेला माणूस असा पडत नसतो. कारखाना बंद झाल्यापासून गप्पगप्पच होता. स्वतःच गेला. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून म्हणाले. तुम्ही कोपऱ्यात बसला होतात, मूग गिळून. मला वाटलं, भावाच्या दुःखाने वाचा बसली. पुढे एकदा लेक तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आई, आपण दोघी होतो ना घरी. मग त्यांनी असं का केलं?" तेव्हापासून तिने विचारलं नाही, आणि तिचं न विचारणंच घरभर फिरत असतं.

स्वतःहून जाणारा माणूस खांब धरून लोंबकळत नाही, भाऊजी. डेक फाटेपर्यंत ओढत नाही. त्याला वर यायचं होतं.

सिलंटवरून मी तुम्हाला फासावर चढवणार नाही. आळस कुणाला होत नाही? घाईत असाल, विसरला असाल. कुजलंय हे तुम्हालाही ठाऊक नसेल. पण होडीवर पहिला पाय तुमचा पडला. खांब तेव्हाच बाहेर कलंडलेला होता की नव्हता? होता, तर ते कळूनही तुम्ही त्या पोरीला दोन वर्षं असं समजू दिलंत की बापाला ती नकोशी झाली. स्वतःच्या अंगठ्यासाठी.

मी चूक असेन तर तसं सांगा, ऐकून घेईन. पण सांगा.

खांब मी अजून बसवलेला नाही. कुजकं लाकूडही कोरून काढलं नाही, वर पत्रा टाकून ठेवलाय. रविवारी बावीसला मोठी भरती आहे, त्या दिवशी होडी उतरवायची ठरलीय, आणि पोरगी पहिल्यांदा ती एकटीने बाहेर नेणार आहे. आदल्या दिवशी मी भोक भरून टाकीन, मग बघायला काही उरणार नाही. यायचं तर त्याआधी या. येववत नसेल तर फोन करा, मला नाही, तिला. खांब कसा होता तेवढं तिला तुमच्या तोंडून कळू दे. शुक्रवार, वीस तारखेपर्यंत.

वीस तारखेपर्यंत तरी तुमचीच,
वहिनी